कात्रणांची फाईल

जनसंपर्काच्या खात्यात महिनाअखेरीला एक फाईल साहेबांच्या टेबलावर जाते. महिनाभरात कुठे कुठे बातमी छापून आली त्याची कात्रणे पानापानाला चिकटवलेली, खाली पेपराचे नाव, तारीख, पान क्रमांक. हौशी कचेऱ्यांत पट्टीने रकान्याचे सेंटिमीटरही मोजतात आणि तेवढी जागा जाहिरातीसाठी घेतली असती तर किती पैसे पडले असते, याचा आकडा शेवटच्या पानावर मांडतात. आता पेपराच्या जोडीला पोर्टले आली, यूट्यूब वाहिन्या आल्या, फाईलची पीडीएफ झाली. आकडा काढायची सवय मात्र गेली नाही. जाहिरातीच्या दराने बातमीची किंमत करणे चूक आहे, असे या धंद्यात मोजमाप करणाऱ्या मंडळींनीच 2010 साली बार्सिलोनाला जमून जाहीर केले होते. त्या ठरावाचे कात्रण फाईलला लावलेले मी अजून पाहिलेले नाही.

पत्रकारितेचा अभ्यासक्रम केलेली, आसनगाववरून सकाळची लोकल पकडणारी किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठणारी पोरे अधूनमधून विचारतात, की पीआरमध्ये नेमके काय करावे लागते? पुस्तकी उत्तर सोपे आहे. प्रेसनोट लिहायची, पत्रकारांशी संबंध ठेवायचे, कार्यक्रम उभा करायचा, साहेबांचे भाषण लिहायचे, विरोधात काय छापून येते आहे त्यावर नजर ठेवायची, संकट आले की काय बोलायचे आणि कुणी बोलायचे ते ठरवायचे, सरकारदरबारी खेटे घालायचे. हे सगळे खरेच आहे. पण या पोरांना उत्तर शोधायला मुंबईच्या काचेच्या इमारतींत जायची गरज नाही. त्यांच्या स्वतःच्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेल्या दहा-बारा वर्षांत या कामाचे जेवढे प्रकार घडून गेले, तेवढे एखाद्या एजन्सीत आयुष्यभर काढूनही बघायला मिळत नाहीत.

त्याचे कारण भूगोलात आहे. मुंबईला जे जे लागते ते पुष्कळसे इथून जाते. पाणी जाते, त्यासाठी जंगल आणि जमीन जाते, आता महामार्गही इथूनच गेला. दर वेळी कुणाला तरी येऊन इथल्या माणसांशी बोलावे लागले, त्यांना समजवावे लागले, कधी गप्प करावे लागले. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा कायद्याखाली येतो. इथे ग्रामसभेला वगळून पुढे जाता येत नाही, निदान कागदावर तरी.

पूर्वी हे काम कोतवालाचे होते. दवंडी पिटायची, चावडीवर नोटीस डकवायची. दवंडीचा एक गुण असा, की पिटणारा गावातलाच असे. त्याने पुकारा केला की लोक जागीच त्याला उलटून विचारत, आणि तो उत्तर देई किंवा कपाळाला हात लावी. पण तो समोर असे. दुसरी जागा जत्रेची. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ठाणे, रायगड, पुण्याकडून माणसे येतात. बैलाची किंमत ठरवता ठरवता अर्ध्या जिल्ह्याची खबरबात इकडून तिकडे होते. जिल्ह्यात कुठली योजना खरी चालू आहे आणि कुठली फक्त फलकावर आहे, हे कळायला म्हशाच्या बाजारात दोन तास उभे राहण्याइतका स्वस्त पाहणी अहवाल नाही.

आता प्रकरणे पाहू. सुरुवात धसईपासून करतो, कारण कात्रणांच्या हिशेबात धसईची बरोबरी करील असे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली आणि 1 डिसेंबरला, म्हणजे अवघ्या तेवीस दिवसांत, मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुढाकार घेतला होता, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप यंत्रे दिली. धसई आजूबाजूच्या वाड्यापाड्यांची बाजारपेठ, त्यामुळे निवड शहाणपणाची होती. देशभरच्या वाहिन्यांच्या गाड्या आल्या. वडापाववाला कार्ड घेतो, हे दृश्य सगळ्यांना हवे होते आणि ते सगळ्यांना मिळाले.

कार्यक्रम उभा करणे या दृष्टीने हे चोख काम होते: वेळ अचूक, गोष्ट एका ओळीत सांगता येण्याजोगी, चित्र झकास. पुढे नोटा पुन्हा मुबलक झाल्या. नंतर जे पत्रकार तिथे गेले त्यांना बहुतेक व्यवहार परत रोखीनेच चाललेले दिसले. रेंज नसणे, यंत्राचे शुल्क, आणि सगळ्यात मोठे म्हणजे बाजाराला येणाऱ्या पाड्यावरच्या माणसाकडे कार्डच नसणे. दुकानदाराला यंत्र दिले होते. गिऱ्हाईकाला कुणी विचारले नव्हते. आज तोच वडापाववाला मोबाइलवरचा क्यूआर कोड पुढे करतो, पण त्यासाठी कुणा मंत्र्याला यावे लागले नाही. फोन स्वस्त झाला, डेटा स्वस्त झाला आणि सोयीची गोष्ट सोयीने आली. जनसंपर्काच्या माणसाला हे कबूल करणे जड जाते, की लोकांच्या वागण्यातला बराच बदल त्याच्या मोहिमेशिवाय होतो.

त्याच तालुक्यातल्या फांगणे गावाची गोष्ट याच्या नेमकी उलट. शिवजयंतीच्या वेळी गावात वाचन चालले असताना म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आले असते तर. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते ऐकले आणि 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. मोतीराम दलाल ट्रस्टने पाटी, दप्तर आणि गणवेशाची गुलाबी साडी दिली. साठी ते नव्वदीच्या आज्या, नऊवारी गुलाबी साडीत, खांद्याला दप्तर. बघता बघता जगभरातले कॅमेरे फांगण्याच्या रस्त्याला लागले.

त्या गुलाबी साडीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. सफेद-निळ्यात किंवा आपापल्या रोजच्या लुगड्यांत त्या आज्या बसल्या असत्या तर शिकल्या तेवढ्याच असत्या, पण छायाचित्र एवढे गेले नसते. म्हणजे इथेही ‘चित्र’ होते. फरक असा, की चित्राच्या आधी गोष्ट होती, आणि ती कुणीतरी ऐकून घेतल्यामुळे सुरू झाली होती. गावातल्या बऱ्याच बायकांना उतारवयात रंगीत साडीच नेसायला मिळत नाही, विशेषतः विधवांना. त्यांना गुलाबी साडी मिळाली, यात मला अक्षरओळखीइतकीच मोठी बातमी दिसते. जनसंपर्काच्या वर्गात धसई आणि फांगणे ही दोन गावे एकापाठोपाठ शिकवायला हवीत. अंतर फार नाही, सालही एकच आहे.

आता पाणी. ही या भागातली सर्वात जुनी जनसंपर्काची गोष्ट आहे आणि ती जनसंपर्क न करण्याची गोष्ट आहे. तानसाचे धरण 1892 चे. पुढे 1957 साली वैतरणेवरचा मोडक सागर, नंतर भातसा, 2014 साली मध्य वैतरणा. शहापूर तालुक्यात आणि त्याच्या सीमेवर ही जलाशयांची माळ आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांची मिळून साठवण सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. त्यातले सुमारे 7 लाख 17 हजार एकट्या भातसाचे, म्हणजे जवळपास निम्मे. पावसाळ्यात मुंबई महापालिका रोज सकाळी सातही तलावांची पातळी जाहीर करते. तलाव भरून वाहू लागला की किती वाजून किती मिनिटांनी वाहू लागला, तेही सांगते. ती जनसंपर्काची उत्तम सवय आहे: नियमित, आकड्यांत, न विचारता दिलेली माहिती. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये सरकारी कार्यालयांकडून जे अपेक्षित आहे, तेच.

फक्त ती माहिती ज्याच्या अंगणात तलाव आहे त्याच्यासाठी नाही. शहापूरची बातमी मुंबईच्या पेपरात दोन हंगामांत येते. जुलैत ‘तानसा ओसंडला’ आणि एप्रिल-मेमध्ये ‘धरण उशाला, कोरड घशाला’. ही म्हण इतक्या वेळा मथळ्यात वापरली गेली आहे, की आता तिची कुणाला लाज वाटेनाशी झाली. दर उन्हाळ्यात कसाऱ्याच्या आसपासच्या, डोळखांब भागातल्या पाड्यांना टँकर लागतो आणि दर उन्हाळ्यात मुंबईहून स्थानिक वार्ताहराला फोन येतो: डोक्यावर तीन हंडे असलेली बाई कुठे मिळेल? मग वार्ताहर मोटारसायकल काढतो. विहिरीत उतरलेल्या पोरीचा फोटो निघतो, छापून येतो, एक टँकर वाढतो. भावली धरणातून गुरुत्वाने पाणी आणून तालुक्याला द्यायच्या योजनेची घोषणा, मंजुरी, भूमिपूजन, कामाची प्रगती, अशा प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र बातमी होत आलेली आहे. एका योजनेतून किती बातम्या काढता येतात, हा जनसंपर्काच्या धंद्यातला एक प्रतिष्ठित हिशेब आहे. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या बाबतीत तर सर्वेक्षण, मंजुरी, निधी अशा बातम्यांवर एक पिढी म्हातारी झाली.

हंड्याच्या फोटोला मी नावे ठेवत नाही. तो नसता तर टँकरही आला नसता. पण त्या बाईला कधी कुणी विचारलेले दिसत नाही, की धरणातले पाणी कुणाचे, जलवाहिनी कुठून जाते आणि तिच्या पाड्याला नळजोड का मिळत नाही. उत्तरे तांत्रिक आहेत, थोडी कायद्याची आहेत, आणि सांगण्यासारखी आहेत. पाडा चढावर, वाहिनी उतारावर. धरण एका खात्याचे, वाहिनी दुसऱ्याचे, गावची नळयोजना तिसऱ्याची. तिन्ही खात्यांची प्रेसनोट लिहिणारी माणसे वेगवेगळी आहेत, आणि पाड्यावर तिघांपैकी कुणीच जात नाही.

मुरबाडच्या काळू धरणाच्या बाबतीत मात्र दुसऱ्या बाजूने जनसंपर्क झाला. मुंबई महानगर प्रदेशाला पाणी हवे म्हणून काळू नदीवर धरण ठरले, आणि वनखात्याची परवानगी हातात नसताना 2011 साली काम सुरूही झाले. जंगल बुडणार होते, ठाकर-कातकरी-महादेव कोळ्यांची गावे बुडणार होती. श्रमिक मुक्ती संघटनेने ग्रामसभांचे विरोधाचे ठराव करवले, कागद गोळा केले आणि उच्च न्यायालय गाठले. मार्च 2012 मध्ये न्यायालयाने काम थांबवले. मोर्च्यांचे फोटो त्या वेळी छापून आलेच. पण काम अडले ते ठरावांच्या प्रतींनी. ग्रामसभेचा ठराव ही तशी रुक्ष चीज: तारीख, सूचक, अनुमोदक, अंगठे. तीच पुढे नदी तुंबवू पाहणाऱ्या यंत्राच्या आड आली. ज्या गावाला आपली बाजू लिहून ठेवायची सवय लागली, त्याला पीआर एजन्सीची फारशी जरूर उरत नाही.

समृद्धी महामार्गाचे सुरुवातीचे अधिकृत नाव मोठे बोलके होते: नागपूर-मुंबई सुपर कम्युनिकेशन एक्स्प्रेसवे. 701 किलोमीटर, 10 जिल्हे. 2016 साली जमिनीसाठी जी पहिली योजना आणली ती भूसंचयाची होती. शेतकऱ्याने जमीन द्यायची, बदल्यात वाटेवर होणाऱ्या नवनगरात विकसित भूखंड आणि काही वर्षे ठरावीक रक्कम. कागदावर ती वाईट नव्हती. पण शहापूरच्या भातशेतकऱ्याला ‘विकसित भूखंड’ ही गोष्ट दिसत नव्हती, दाखवता येत नव्हती, आणि आज जे शेत पोटाला घालते ते जाऊन दहा वर्षांनी काय उगवेल ते सांगणारा माणूस तोपर्यंत बदलून गेलेला असणार, हे त्याला भातसाच्या वेळेपासून ठाऊक होते. विरोध जिथे आधी पेटला त्यांत शहापूर होते. मोजणीला येणाऱ्यांना गावे परत पाठवू लागली.

मग रस्ते विकास महामंडळाने दोन गोष्टी केल्या. 2017 पासून जमीन थेट खरेदीने घ्यायला सुरुवात केली, बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला देऊन. आणि ‘संवादक’ नेमले. संवादक हे पद आपल्या प्रशासनात तोवर ऐकिवात नव्हते. शेतकऱ्याच्या दारात जायचे, प्रकल्प समजवायचा, शंका ऐकायच्या, त्या वर पोचवायच्या आणि संमतीपर्यंत आणायचे, असे ते काम. जनसंपर्काच्या व्याख्येत जे जे लिहिलेले असते ते ते सगळे यात आले, एअर कंडिशनर सोडून.

प्रत्यक्षात संवादकाचा वेळ कशात जात असेल, हे ज्याने शहापूर-मुरबाडकडचा सातबारा पाहिला आहे त्याला सांगायला नको. उताऱ्यावर आजोबांचे नाव. आजोबा वारून तीस वर्षे झाली. चार मुलगे, तीन मुली. एक मुलगी भिवंडीला दिलेली, तिची हरकत. एक मुलगा कल्याणला, फोन उचलत नाही. इतर हक्कात कुणाचे तरी कूळ म्हणून नाव. शेतात सागाची झाडे आहेत पण उताऱ्यावर नोंद नाही, विहीर आहे पण ती नेमकी कुणाच्या हिश्शात ते नक्की नाही. हे सगळे सुटेपर्यंत ‘महाराष्ट्राच्या भाग्याचा महामार्ग’ वगैरे वाक्यांना काही अर्थ नसतो. वंशावळ पाठ असलेला, कुणाची कुणाशी बोलचाल बंद आहे ते ठाऊक असलेला आणि चहा नाकारायचा नाही एवढी अक्कल असलेला माणूस इथे कामाचा. आणि त्याची अडचणही तिथेच. गावाच्या दृष्टीने तो महामंडळाचा दलाल. महामंडळाच्या दृष्टीने तो गावाचे रडगाणे वर घेऊन येणारा कटकट्या. पगार एका बाजूचा आणि इज्जत दुसऱ्या बाजूवर अवलंबून, ही या व्यवसायाची मूळची ओढाताण. बाकीच्या शाखांत ती झाकलेली असते, एवढेच.

जमीन संवादकांनी मिळवली की पाचपटीने? दोन्हीने, असे म्हणणे सभ्यपणाचे होईल. माझे मत असे, की सौदा बदलला म्हणून संवाद शक्य झाला. भूसंचयाचीच योजना तशीच ठेवून हजार संवादक पाठवले असते तर हजार माणसे गावाच्या वेशीवरून परतली असती. जनसंपर्क वाईट सौद्याला चांगला करीत नाही. फार तर तो वाईट आहे ही बातमी वेळेवर वर पोचवू शकतो. आणि ती पोचवली म्हणून बढती मिळालेला जनसंपर्क अधिकारी माझ्या पाहण्यात नाही.

इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. सह्याद्री फोडून काढलेला जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा ओलांडून गाड्या शहापूर तालुक्यात उतरतात. ते चित्र फाईलमध्ये लावण्याजोगेच आहे. पण त्याच टप्प्यावर, शहापूरजवळ सरळांबे इथे, 31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2023 च्या मधल्या रात्री गर्डर चढवणारे अवजड यंत्र पुलावरून कोसळले आणि 20 माणसे मेली. बहुतेक बाहेरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली.

अशा रात्री काय करायचे, हा प्रश्न या व्यवसायाइतकाच जुना आहे. अमेरिकेत 1906 साली अटलांटिक सिटीजवळ आगगाडी पाण्यात पडून पन्नासाहून अधिक माणसे मेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत म्हणजे अपघात दाबायचा. कंपनीचा सल्लागार आयव्ही ली याने उलटे केले: कंपनीचे निवेदन स्वतःहून पेपरांना दिले, पत्रकारांना घटनास्थळी न्यायची सोय केली. आजच्या प्रेसनोटेचा जन्म तिथला मानतात. याच लीने आठ वर्षांनी रॉकफेलरच्या कोळशाच्या खाणीतल्या संपकऱ्यांवर गोळ्या चालल्यावर मालकाच्या बाजूने खोटी माहिती असलेली पत्रके काढली, हेही त्याच्या नावावर आहे. एकाच माणसाने दोन्ही करावे, यात मला आश्चर्य वाटत नाही. माहिती उघड करणे हे त्याचे तंत्र होते. ते व्रत असल्याचे आपण नंतर ठरवले.

संकटात पहिल्या काही तासांत जे लागते ते साधे असते. मेलेल्यांची नावे, त्यांच्या घरी फोन, जखमी कुठल्या इस्पितळात, कोण बोलणार आणि तो माणूस सारखा बदलणार नाही याची खात्री. मुकादमाच्या वहीत आडनावाशिवाय लिहिलेला मजूर कुठल्या गावचा हे शोधायला लागते, तेव्हा संपर्क या शब्दाचा अर्थ कळतो. नुकसानभरपाईचा आकडा जाहीर करायला तेवढा वेळ लागत नाही.

समृद्धीच्या शेजारच्या जुन्या रस्त्याने, कसारा घाट उतरून, याच तालुक्यातून दोन मोर्चे गेले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च शहापूर, भिवंडी करीत मुंबईत पोचला. सोलून निघालेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण मुंबईकराला ज्या गोष्टीने जिंकले ती वेगळी होती: दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, पोरांची अडचण होऊ नये म्हणून शीववरून आझाद मैदानापर्यंतचे अंतर हजारो माणसे रात्रीच चालली. सकाळी लोक पाणी आणि बिस्किटे घेऊन रस्त्यावर आले. कुठल्याही एजन्सीला हे सुचले असते तर तिने आधी त्याचे टीझर काढले असते.

दुसरा मार्च 2023 चा, दिंडोरीहून निघालेला. तो मुंबईपर्यंत गेलाच नाही, आमच्या वासिंदला थांबला. मुंबईत चर्चा झाली, मागण्या मान्य झाल्याचे सांगितले गेले, मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात निवेदन केले. तरी मोर्चा हलेना. आदेश खालपर्यंत गेले का, ते दाखवा, एवढेच म्हणणे. त्या मुक्कामात एक शेतकरी दगावलाही. अखेर 18 मार्चला, अंमलबजावणी सुरू झाल्याची खात्री पटल्यावर, माणसे घरी फिरली. घोषणा आणि शासन निर्णय यांतला फरक ज्याला चांगला कळतो तो श्रोता समोर असेल, तर जनसंपर्क किती अवघड होतो, ते वासिंदच्या मैदानाने पाच दिवसांच्या आत दाखवून दिले.

सरकारखेरीज दुसरा मोठा मालक म्हणजे कारखाने. वासिंद, आसनगाव, मुरबाडची एमआयडीसी. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्यातून जनसंपर्क अधिकाऱ्याच्या कामाची एक नवी शाखा फुटली: वह्या, दप्तरे, सायकली, बंधारे, आरोग्य शिबिरे. चांगली कामेही झाली आहेत, बंधाऱ्यांची विशेषतः. पण कॅलेंडर कंपनीचे असते. आर्थिक वर्ष मार्चला संपते म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत कार्यक्रमांची झुंबड. त्या दिवसांत कातकरी पाडे ओस असतात; दिवाळी आटोपून माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एका कंपनीच्या अशा शिबिराची बातमी मीच एकदा लिहून दिली होती. लाभार्थ्यांचा आकडा दिला तो बरोबर होता, फक्त ती माणसे शेजारच्या मोठ्या गावची होती. पाड्यावर चार म्हातारी आणि कोंबड्या होत्या. कात्रण मात्र पाड्याच्या नावाने लागले.

आणि भाषा. प्रेसनोट मुंबईत इंग्रजीत लिहिली जाते, मग तिचे मराठी होते: शाश्वत उपजीविका, क्षमताबांधणी, सक्षमीकरण. किन्हवलीच्या बाजारात ही नोट मोठ्याने वाचून दाखवावी, हा माझा कसोटीचा नियम आहे. ‘शेततळ्यात पाणी मार्चपर्यंत पुरले’ हे वाक्य त्या कसोटीला टिकते. ‘जलसुरक्षेला चालना मिळाली’ हे टिकत नाही. जिल्हा माहिती कार्यालयातून निघणाऱ्या यशोगाथांत अधूनमधून पहिल्या जातीचे वाक्य सापडते, तेव्हा तिथे कुणीतरी खरेच शेतावर जाऊन आले आहे असे समजावे.

स्थानिक वार्ताहराबद्दल दोन शब्द, कारण जनसंपर्काचा गाडा त्याच्या खांद्यावर चालतो आणि त्याचे नाव कुठेच येत नाही. बहुतेकांना पगार नाही किंवा पेट्रोलपुरता. मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याच्याकडेच दिवाळी अंकाची जाहिरात मागायची. त्याला पाकीट देऊन बातमी लावून घेणारा जनसंपर्क अधिकारी स्वतःला व्यवहारी समजतो. पण तोच वार्ताहर सरळांब्यासारख्या रात्री सगळ्यांच्या आधी पोचलेला असतो, आणि त्या रात्री पाकिटाची ओळख कामाला येत नाही. सकाळी खरे सांगितले होते की नाही, एवढीच येते.

मग त्या पोरांना काय सांगायचे? नोकरी मिळेल. एजन्सीत लागलात तर पहिली दोन वर्षे कात्रणे कापण्यात आणि फोन करण्यात जातील. तुमच्याकडे एक भांडवल आहे, जे बांद्र्याच्या पोराकडे नाही: ठाकराची बोली कानावरून गेलेली आहे, तलाठी कुठल्या वारी भेटतो ते ठाऊक आहे, भात लावणीच्या आठवड्यात बैठक ठेवायची नसते हे कुणी शिकवावे लागत नाही. हे भांडवल साहेब तुमच्याकडून आनंदाने वापरून घेतील. ते कुठल्या दिशेने वापरले जाते आहे, पाड्याचे म्हणणे वर नेण्यासाठी की वरचे म्हणणे पाड्याच्या गळी उतरवण्यासाठी, त्यावर महिन्यातून एकदा नजर टाका. फाईल तयार कराल त्याच दिवशी टाकलीत तरी चालेल. तिला जोडून एक पान घाला: या महिन्यात लोकांनी काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले. पहिल्या महिन्यात साहेब ते पान काढायला सांगतील, याची तयारी ठेवा.

पावसाळ्यात डोळखांबकडे किंवा टोकावड्याच्या वर गेलात तर घरांच्या कुडांकडे आणि पेंढ्याच्या उडव्यांकडे बघा. कार्यक्रम संपले की फ्लेक्स गावातच राहतात. कापड मजबूत असते, पाणी आत येत नाही. लोक ते जपून उतरवतात, घडी घालून ठेवतात आणि मृगाच्या आधी बांधतात. छापील बाजू आत, कोरी बाहेर, कारण छपाईची बाजू पावसात लवकर उकलते असे म्हणतात. आत चुलीजवळ बसले की कुडावर हात जोडलेले साहेब दिसतात, धुराने काळवंडलेले.